आरएममॉडनंतर पाच सेकंदांनी कर्नल का कोसळतो: मॉड्यूलची मांडणी आणि आवराआवर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याने लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासाठी, एक कॅरेक्टर डिव्हाइस ड्रायव्हर (फाइलीसारखे उघडून वाचता-लिहिता येणाऱ्या उपकरणाचा) मॉड्यूल म्हणून लिहिला आहे. मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोड. मेजर क्रमांक, म्हणजे कर्नल ज्यावरून ड्रायव्हर ओळखतो तो आकडा, २४० असा स्वतःच ठरवून घेतला आहे. दर पाच सेकंदांनी वाजणारा एक टायमर आहे, तो वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, काम टाकतो आणि ते काम संपताना टायमर पुन्हा लावते. तक्रारी दोन आहेत. एकदा इन्समॉड (मॉड्यूल लोड करण्याची आज्ञा) मध्येच फसले, तेव्हापासून रीबूट करेपर्यंत प्रत्येक इन्समॉड ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणून परत येते. आणि मॉड्यूल लोड झालाच, तर आरएममॉड (मॉड्यूल काढण्याची आज्ञा) बिनतक्रार होते, पण चार-पाच सेकंदांत कर्नल कोसळतो. शिवाय ‘__इनिट’ आणि ‘__एक्झिट’ या खुणा नेमके काय करतात, हेही त्यांना हवे आहे.

दोन्ही तक्रारी एकाच समजुतीतून आल्या आहेत. इनिटमध्ये (लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) गोष्टी मागायच्या आणि एक्झिटमध्ये (काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) परत करायच्या, एवढेच काम आहे असे धरून कोड लिहिला गेला आहे. तो सोपा भाग. अवघड भाग हा, की तुमच्या कोडमध्ये बाहेरून कोण शिरू शकतो, कधीपासून आणि कधीपर्यंत. मी अठरा वर्षे ड्रायव्हर लिहितो आणि इतरांचे तपासतो. मॉड्यूलचे जे दोष शोधायला मला आठवडे लागले, ते जवळजवळ सगळे या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याने आलेले होते.

आधी ‘बिझी’ची गोष्ट. साधा प्रोग्राम मध्येच मेला तर त्याच्या उघड्या फाइली, मेमरी, सॉकेट सगळे कर्नल आवरतो. मॉड्यूलच्या मागे आवरणारे कोणी नसते. इनिटने ऋण संख्या परत केली की कर्नल फक्त मॉड्यूलचा स्वतःचा कोड आणि डेटा मोकळा करतो. त्या मॉड्यूलने इतरत्र काय काय नोंदवले, याची यादी त्याच्याकडे नसते. तुमच्या इनिटमध्ये क्रमांक राखून झाल्यावर पुढची एखादी पायरी फसली आणि तुम्ही थेट परत आलात. २४० क्रमांक तुमच्या नावावर तसाच राहिला. /प्रोक/डिव्हाइसेस ही फाइल बघा, मॉड्यूल लोड नसतानाही नाव तिथे दिसेल. पुढच्या इन्समॉडला तोच क्रमांक मिळत नाही आणि उणे १६, म्हणजे ‘बिझी’, हाती येतो.

खरे तर ‘बिझी’ मिळाले हे बरे झाले. सीडेव्ह_ॲड, म्हणजे डिव्हाइस कर्नलच्या तक्त्यात नोंदवणारे फंक्शन, होऊन गेले असते आणि नंतर इनिट फसले असते, तर कर्नलच्या तक्त्यात मोकळ्या केलेल्या मेमरीचा पत्ता राहिला असता, आणि त्या क्रमांकाची डिव्हाइस फाइल उघडणाऱ्या पहिल्या प्रोग्रामने मशीन पाडले असते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे गोटूची, सी भाषेतल्या थेट उडी मारणाऱ्या सूचनेची, उतरंड. सी शिकताना गोटू वापरू नका असे आपल्याला बजावलेले असते. कर्नलमध्ये या एका कामासाठी तो सर्रास वापरतात आणि माझ्या मते ते योग्यच आहे. फंक्शनच्या शेवटी लेबले एकाखाली एक, मिळवलेल्या गोष्टींच्या उलट क्रमाने. पाचवी पायरी फसली तर चौथी मोडणाऱ्या लेबलावर उडी, तिथून खाली तिसरी, दुसरी, पहिली. लेबलाला ‘एरर१’, ‘एरर२’ अशी नावे देऊ नका, मध्ये एक पायरी घातली की सगळे क्रमांक खोटे ठरतात. तिथे काय मोडले जाते ते नावात लिहा: ‘क्लास_काढा’, ‘क्रमांक_सोडा’. पुनरावलोकन करणाऱ्याला मग एका नजरेत चूक दिसते.

याच उतरंडीत दोन चुका मला वारंवार सापडतात. पहिली, परतीचा आकडा भरायला विसरणे. क्लास_क्रिएट (डिव्हाइसचा वर्ग नोंदवणारे फंक्शन) फसले, तुम्ही उडी मारली, सगळे नीट मोडले, पण ‘रेट’ या चलात आधीच्या यशस्वी पायरीचे शून्य तसेच राहिले. शून्य म्हणजे यश, म्हणून कर्नल मॉड्यूल जिवंत धरतो. नंतर आरएममॉड केले की एक्झिट त्याच गोष्टी दुसऱ्यांदा मोडते. धन आकडा परत केला तर कर्नल निदान लॉगमध्ये ‘सस्पिशसली रिटर्न्ड’ असा इशारा देतो. चुकीच्या शून्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. दुसरी चूक, क्लास_क्रिएट आणि डिव्हाइस_क्रिएट (डिव्हाइसची फाइल तयार व्हायला लावणारे) यांचे उत्तर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, आहे का एवढेच तपासणे. ही फंक्शने फसल्यावर नल देत नाहीत, पॉइंटरमध्ये त्रुटीचा आकडा भरून देतात. तो इज_एरर ने तपासायचा आणि पीटीआर_एरर ने काढायचा.

आता क्रमाबद्दल, कारण इथे नुसती शिस्त पुरत नाही. नाटकाची तिसरी घंटा होण्याआधी रंगमंच पूर्ण लागलेला असावा लागतो. तुमच्या ड्रायव्हरची तिसरी घंटा म्हणजे सीडेव्ह_ॲड. ते फंक्शन परत येण्याच्याही आधी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवरचा प्रोग्राम तुमच्या ओपन फंक्शनमध्ये शिरू शकतो. डिव्हाइस_क्रिएट केले की यूडेव्हला, म्हणजे डिव्हाइस फाइली सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, खबर जाते आणि तो, किंवा त्याच्या नियमातून सुरू झालेला एखादा प्रोग्राम, लगेच ती फाइल उघडतो. तुमचे इनिट तेव्हा अजून चालू असते. त्यामुळे म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप), बफर, वर्कक्यू, टायमर_सेटअप हे सगळे त्याआधी झालेले हवे. सीडेव्ह_ॲडच्या दोन ओळी खाली म्यूटेक्स_इनिट लिहिलेला कोड मी एका उत्पादनात पाहिला आहे. शंभरातून एखाद्या बूटला तो अडकायचा, आणि दोष हार्डवेअरवर ढकलला जात होता.

याचा पुढचा भाग फार कमी जणांना माहीत असतो. एकदा दार उघडल्यावर इनिटने फसायचे नाही. कारण इनिटने त्रुटी परत केली तर कर्नल मॉड्यूल ‘जाणारा’ म्हणून खूण करतो आणि मेमरी मोकळी करून टाकतो. कोणी आत आहे का, वापर-संख्या (मॉड्यूल किती जण वापरत आहेत तो आकडा) किती आहे, याची तो वाट बघत नाही. तेवढ्या वेळात कोणी फाइल उघडली असेल, तर तिची ऑपरेशन्स आता हवेत आहेत. म्हणून फसू शकणाऱ्या सगळ्या पायऱ्या आधी, जगाला दिसणारी पायरी शेवटी. तुमच्याकडे सीडेव्ह_ॲड आणि डिव्हाइस_क्रिएट अशा दोन दिसणाऱ्या पायऱ्या आहेत, तेवढी फट कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये राहते, पण बाकीचे काही त्यांच्यानंतर ठेवू नका. मॉड_टायमर, म्हणजे टायमर लावणारे फंक्शन, फसत नाही, त्यामुळे टायमर चालू करणे अगदी शेवटच्या ओळीत चालते.

आता एक्झिट. त्याची सही पाहा: काही परत करत नाही. म्हणजे त्याला ‘आत्ता जमणार नाही’ म्हणायची सोय नाही. एक्झिट बोलावले गेले म्हणजे निर्णय झाला आहे, आणि ते संपताच तुमचा कोड मेमरीतून जाणार आहे. नाही म्हणण्याची जागा त्याच्या आधी असते आणि ती तुमच्या हातात नसते: वापर-संख्या. फाइल ऑपरेशन्सच्या रचनेत ओनर या जागी धिस_मॉड्यूल लिहिले की फाइल उघडताना कर्नल ट्राय_मॉड्यूल_गेट करतो आणि बंद होताना संख्या उतरवतो. संख्या शून्य नसेल तर आरएममॉडला तिथेच ‘इन यूज’ म्हणून परत पाठवले जाते, एक्झिटपर्यंत गोष्ट येतच नाही.

२.४च्या आधीच्या जुन्या कर्नलमध्ये मॉड्यूल स्वतःच आपल्या ओपनमध्ये ही संख्या वाढवत असे. त्यात उघड भोक होते: ओपनची पहिली सूचना चालू झाली आणि संख्या वाढवणारी ओळ अजून यायची आहे, एवढ्यात दुसऱ्या कोअरवर अनलोड झाले तर? आपल्याच घरात उभे राहून घर पडणार नाही याची हमी देता येत नाही. ती आत येण्याआधी बाहेरच्याने घ्यावी लागते. म्हणून ते काम बोलावणाऱ्याकडे गेले. ओनर रिकामा ठेवला, तर तुम्ही हीच हमी काढून टाकता. आणि आरएममॉडचा जबरदस्तीचा पर्याय हीच तपासणी ओलांडतो. तो वापरल्यावर कर्नल स्वतःवर कायमची खूण करून घेतो आणि त्यानंतरच्या कोणत्याही क्रॅशचा अहवाल कोणी गंभीरपणे घेत नाही.

वापर-संख्येने फाइल उघडणारे लोक अडवले. पण टायमर, वर्कक्यूवरचे काम, इंटरप्ट (हार्डवेअरची हाक), केथ्रेड (कर्नलमधला धागा), आरसीयू कॉलबॅक (वाचक संपल्यावर बोलावले जाणारे फंक्शन) हे कोणी त्या संख्येत मोजत नाही. त्यांना थांबवणे पूर्णपणे तुमचे काम, आणि तुमची दुसरी तक्रार इथलीच आहे.

तुमच्या एक्झिटमध्ये टायमर काढलेलाच नाही किंवा सिंक नसलेल्या, म्हणजे वाट न बघणाऱ्या, फंक्शनने काढला आहे. टायमरची रचना स्थिर चल असेल तर ती मॉड्यूलच्या डेटामध्येच असते. मॉड्यूल गेला, पण कर्नलच्या टायमरच्या साखळीत त्या पत्त्याची कडी राहिली. पाच सेकंदांनी साखळी चालवताना कर्नल त्या पत्त्यावर पाय ठेवतो. क्रॅशच्या नोंदीत म्हणूनच तुमच्या फंक्शनचे नाव दिसत नाही, कधी नुसता पत्ता दिसतो, कधी कर्नलचे स्वतःचे टायमरचे फंक्शन. अशा वेळी ‘मॉड्यूल्स लिंक्ड इन’ ही ओळ शेवटपर्यंत वाचा. तिथे ‘लास्ट अनलोडेड’ म्हणून तुमच्या मॉड्यूलचे नाव असेल. मी अनोळखी क्रॅश वाचताना आधी ती ओळ वाचतो.

साधा उपाय टायमर_डिलीट_सिंक, म्हणजे जुने डेल_टायमर_सिंक. सिंक नसलेले फंक्शन टायमर साखळीतून काढते, पण दुसऱ्या कोअरवर कॉलबॅक आत्ता चालू असेल तर त्याची वाट बघत नाही. सिंक असलेले बघते. मात्र तुमच्या ड्रायव्हरला तेही पुरणार नाही. टायमर कामाला बोलावतो, काम टायमर पुन्हा लावते. आधी टायमर काढला, तर त्याच क्षणी चालू असलेले काम तो परत लावेल. आधी काम रद्द केले, तर वाजणारा टायमर ते परत टाकेल. कोणताही क्रम घ्या, फट राहते. हा प्रश्न इतक्या ड्रायव्हरमध्ये होता की २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलमध्ये टायमर_शटडाउन_सिंक हे फंक्शन घातले गेले. ते टायमर थांबवते, चालू कॉलबॅक संपू देते आणि त्यापुढे तो लावण्याचा प्रयत्न गुपचूप निष्फळ करते. त्यानंतर कॅन्सल_वर्क_सिंक, आणि मग वर्कक्यू मोडायची. त्याआधीच्या कर्नलवर ‘बंद होत आहे’ असे एक चल लॉकखाली ठेवून कामाने ते बघायचे, हाच मार्ग होता.

एक सावधगिरी. ‘सिंक’ म्हणजे वाट बघणे. कॉलबॅक जो लॉक घेतो, तोच लॉक हातात धरून तुम्ही सिंक फंक्शन बोलावले, तर दोघे एकमेकांची वाट बघत कायमचे उभे राहतील. लॉकडेप (कर्नलचा लॉक तपासणारा भाग) चालू ठेवा, ते हे बहुतेकदा आधीच पकडते.

बाकीच्यांबद्दल भराभर सांगतो. फ्री_आयआरक्यू चालू हँडलर संपेपर्यंत थांबते, पण ते बोलावण्याआधी हार्डवेअरलाच इंटरप्ट देणे बंद करायला सांगा. केथ्रेड_स्टॉप धागा परत येईपर्यंत थांबते, म्हणून धाग्याने केथ्रेड_शुड_स्टॉप बघत राहायला हवे. कॉल_आरसीयू वापरला असेल तर एक्झिटमध्ये आरसीयू_बॅरियर हवेच. सिंक्रोनाइझ_आरसीयू इथे पुरत नाही: ते वाचकांची वाट बघते, रांगेत असलेल्या तुमच्या कॉलबॅकची नाही. नुसते केफ्री_आरसीयू असेल तर तुमचे कोणतेही फंक्शन बोलावले जाणार नसते, म्हणून त्यासाठी बॅरियर लागत नाही.

म्हणजे एक्झिटचा क्रम असा: आधी दार बंद, डिव्हाइस नोड आणि सीडेव्ह काढा. मग आत स्वतःहून हालचाल करणारे सगळे थांबवा. मग मेमरी आणि क्रमांक सोडा. हार्डवेअरची मेमरी सोडून नंतर टायमर थांबवणारा कोड वरून नीट दिसतो आणि चाचणीतही बहुतेक वेळा पार पडतो.

एखाद्या मॉड्यूलची आवराआवर खात्रीने करता येतच नसेल, तर एक्झिट देऊ नका. इनिट आहे आणि एक्झिट नाही असा मॉड्यूल कर्नल काढू देत नाही, /प्रोक/मॉड्यूल्समध्ये त्यापुढे ‘पर्मनंट’ लिहिलेले दिसते. अर्धवट एक्झिटपेक्षा हे कितीतरी बरे. अनलोडची सोयच मुळात पर्यायी आहे, आणि त्या पर्यायाच्या मदत-मजकुरात लिहिले आहे की तो न घेतल्यास कर्नल लहान, वेगवान आणि सोपा होतो. मी घरच्या कामात अनलोड रोज वापरतो, पण बंद पेटीत बसणाऱ्या उपकरणासाठी अनेकदा तो पर्याय बंद ठेवायला सांगितले आहे.

आता खुणा. ‘__इनिट’ फंक्शनला वेगळ्या विभागात टाकते. कर्नलमध्येच बांधलेल्या कोडसाठी बूट संपल्यावर तो सगळा विभाग मोकळा होतो. लॉगमधली ‘फ्रीइंग अनयूज्ड कर्नल’ अशी सुरू होणारी ओळ तीच. वेगळ्या लोड होणाऱ्या मॉड्यूलमध्येही इनिट यशस्वी झाल्यावर त्याचा तो भाग सोडला जातो. ‘__इनिटडेटा’ हे चलांसाठी तसेच. ‘__एक्झिट’ची खूण सांगते की हा कोड फक्त अनलोडसाठी आहे, ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधला तर त्याचा उपयोग नसतो, म्हणून तो टाकून दिला जातो. खुणा लिहिल्या नाहीत तर काही बिघडत नाही, थोडी मेमरी अडकून राहते. चुकीच्या जागी लिहिल्या तर बिघडते. इनिटच्या त्रुटीमार्गातून ‘__एक्झिट’ फंक्शन बोलावू नका: मॉड्यूल म्हणून चालेल, कर्नलमध्ये बांधल्यावर ते फंक्शन तिथे असेलच असे नाही. सामायिक आवराआवर हवी असेल तर ती बिनखुणेच्या तिसऱ्या फंक्शनमध्ये ठेवा.

हे मी स्वतः एकदा महागात शिकलो. एका यूएसबी उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये मी मॉडेलनुसार बदलणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याला ‘__इनिटडेटा’ लावले, कारण तो फक्त सुरुवातीला वाचला जातो असे मला वाटले. तो वाचायचा प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये. प्रयोगशाळेत उपकरण आधीच जोडलेले असायचे, म्हणून ड्रायव्हर नोंदवताच प्रोब इनिटच्या आतच चालून जायचा आणि तक्ता जिवंत असायचा. ग्राहकाकडे दुपारी कोणीतरी केबल काढून परत लावली. प्रोब दुसऱ्यांदा चालला, तक्ता केव्हाच मोकळा झाला होता. मोडपोस्ट या बांधणीतल्या तपासणी साधनाने ‘सेक्शन मिसमॅच’चा इशारा बांधणीत दिला होता, आमच्या लॉगमध्ये तो इतर चाळीस इशाऱ्यांखाली गाडला गेला. तेव्हापासून मी हा इशारा त्रुटी मानला जाईल अशी बांधणी ठेवतो. त्यासाठी कॉन्फिगमधला ‘सेक्शन मिसमॅच वॉर्न ओन्ली’ हा पर्याय बंद करायचा.

प्रोब म्हणजे इनिट नव्हे, हे त्या घटनेतून मला कायमचे कळले. खऱ्या हार्डवेअरच्या ड्रायव्हरमध्ये इनिटने फक्त ड्रायव्हर नोंदवायचा. मॉड्यूल_प्लॅटफॉर्म_ड्रायव्हर, मॉड्यूल_पीसीआय_ड्रायव्हर असे मॅक्रो इनिट आणि एक्झिट दोन्ही लिहून देतात. खरी मांडणी प्रोबमध्ये आणि आवराआवर रिमूव्हमध्ये (उपकरण जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये), आणि ही जोडी मॉड्यूल एकदा लोड असताना कितीही वेळा चालू शकते. प्रोबला लागणारे घड्याळ किंवा रेग्युलेटर अजून आलेला नसेल तर ईप्रोब_डिफर परत करायचे, कर्नल नंतर पुन्हा बोलावतो. त्यासाठी इनिटची पातळी मागे-पुढे करत बसू नका. लोड होणाऱ्या मॉड्यूलमध्ये त्या सगळ्या पातळ्या तशाही एकच होतात.

प्रोबमध्ये डेव्हएम नावाची फंक्शने वापरता येतात. ती २००७ मध्ये २.६.२१ कर्नलमध्ये आली. मागितलेली प्रत्येक गोष्ट उपकरणाच्या नावावर लिहिली जाते आणि प्रोब फसला किंवा रिमूव्ह संपले की उलट क्रमाने आपोआप सुटते. गोटूची उतरंड बरीच आटते. मी ती आवर्जून वापरतो, पण दोन ठिकाणी जपून. एक, अर्धे डेव्हएम आणि अर्धे हाताने असे मिसळू नका. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि बफर रिमूव्हमध्ये हाताने सोडला, तर बफर आधी जातो, इंटरप्ट रिमूव्ह संपल्यावर. मधल्या वेळात हँडलर गेलेल्या बफरमध्ये लिहितो. दोन, डेव्हएमची मेमरी उपकरणासोबत जाते, उघड्या फाइलीसोबत थांबत नाही. केबल उपटली किंवा सिसएफएसमधून (कर्नलच्या /सिस फाइलींमधून) अनबाइंड केले, म्हणजे ड्रायव्हर उपकरणापासून तोडला, तर रिमूव्ह चालते, तेव्हा वापर-संख्या कोणी विचारत नाही. फाइल उघडी असताना हे झाले तर पुढचे रीड मेलेल्या रचनेवर जाते. अशा रचनेला स्वतःची संदर्भ-संख्या, म्हणजे केरेफ, लागते.

तपासायचे कसे? इन्समॉड आणि आरएममॉड हजार वेळा फिरवा, तेही दुसऱ्या बाजूला फाइल उघडत-बंद करत राहणारा प्रोग्राम चालू ठेवून. कसान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे) आणि केमेमलीक (मेमरीची गळती शोधणारे) चालू असलेला कर्नल वापरा. ‘डीबग ऑब्जेक्ट्स’चे टायमरसाठीचे आणि मेमरी सोडतानाचे पर्याय लावले, तर चालू टायमरची मेमरी सोडताच तिथल्या तिथे इशारा मिळतो, पाच सेकंद थांबावे लागत नाही. ‘डीबग शेअर्ड आयआरक्यू’ लावला तर सामायिक इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देऊन बघतो. ‘टेस्ट ड्रायव्हर रिमूव्ह’ प्रत्येक प्रोबनंतर रिमूव्ह करून पुन्हा प्रोब करतो. आणि त्रुटीमार्ग तपासायला फेलस्लॅबने मेमरीची मागणी ठरवून फसवता येते. तुमची पहिली तक्रार त्यात दहा मिनिटांत सापडली असती.

तुमच्या कोडपुरते सांगायचे तर टायमर आणि काम ही जोडीच मोडा. पाच सेकंदांनी काम करायचे आहे, तर डिलेड_वर्क (ठरलेल्या वेळाने चालणारे काम) एकटे पुरते. ते स्वतःला पुन्हा रांगेत लावत असले तरी कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक ते नीट थांबवते, आणि वर लिहिलेली फट उरत नाही. २४० ऐवजी अलॉक_सीएचआरडेव्ह_रीजनने क्रमांक मागून घ्या, कारण २४० ते २५४ हे स्थानिक प्रयोगांसाठी राखलेले आहेत आणि तिथे दुसऱ्या कोणाचा प्रयोग आधीच बसलेला असू शकतो. मात्र हे बदल करण्याआधी त्रुटीमार्ग दुरुस्त करा. क्रमांक आपोआप मिळायला लागला की ‘बिझी’ येणे थांबेल, आणि गळती मात्र तशीच चालू राहील.